कबरीची ऊब

फार वर्षांमागे, कोंबड्या माणसांशी बोलत तेव्हाची गोष्ट. सिंधूबाई शेलारांच्या अंगणात कबरी नावाची कोंबडी होती. ती खुडूक होऊन उबवायला बसली की बाई तिच्याखाली तेरा अंडी ठेवायच्या. त्या पिल्लांतूनच धंदा वाढला. अंगणात शेड उभ्या राहिल्या, शेतात कोंबड्यांसाठी मका आला, मुलं-सुना सगळी कामाला लागली.

मग पिल्लं काढायचं यंत्र आलं. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून तिची उबवायची सवय मोडायला बाई अशा कोंबडीला धरून गार पाण्यात बुडवू लागल्या.

"बाई, ही सवय एकदा मोडली की मोडली," कबरी म्हणाली.

"ऊब द्यायला यंत्र आहे आता," असं म्हणून बाईंनी तिलाही बुडवलं.

एकदा वीज गेली ती तीन दिवस आलीच नाही. गार पडत चाललेली अंडी पाटीत घेऊन बाई शेडभर फिरल्या. एकही कोंबडी बसेना. शेवटी त्या म्हाताऱ्या कबरीपाशी आल्या.

"निदान तेरा तरी वाचव गं."

कबरी अंड्यांवर बसली आणि लगेच उठली.

"बसावंसं वाटतं, बाई. पण बसले की अंग भिजल्यासारखं होतं."

बाई पदराने तिचं अंग पुसत राहिल्या. ते कोरडंच होतं.