ठकूची नऊ मांजरे आणि उभे राहण्याचा नियम

फुलांच्या एका मोठ्या बागेच्या अगदी टोकाला, विहिरीपलीकडे, एक एवढेसे खोपटे होते. त्याच्या छपराला इतकी भोके होती की दिवसभर उन्हाचे सोनेरी ठिपके जमिनीवर लपंडाव खेळत. बघायला ते फार सुंदर दिसे. राहायला तितकेसे नव्हे.

त्या खोपट्यात सात वर्षांची ठकू, तिची आई हौसाबाई आणि नऊ मांजरे राहत. ठकू रांगत होती तेव्हाच तिचे वडील वारले होते. घरात भांडी चार, घोंगडी एक, आणि भाकरी कधी दोन, कधी एक. मांजरे मात्र कायम नऊ.

ती कुणी आणलेली नव्हती. गरिबाच्या घरी मांजर आपल्या पायांनी येते, आणि आले की घर त्याचे होते.

लोणी ही नावाप्रमाणे पांढरीशुभ्र. डांबर इतका काळा की सावलीत बसला तर फक्त दोन हिरवे डोळे दिसत. हळद आणि कुंकू या जुळ्या बहिणी. ठिपकी अंगाने बारीक आणि आवाजाने मोठी. भागाबाई सगळ्यांत म्हातारी. मामलेदार भले थोरले, करड्या रंगाचे. ते स्वतः काहीच करीत नसत, पण प्रत्येक काम त्यांच्या नजरेखालून जावे लागे. त्यांना ठकूसुद्धा अहो-जाहो करी. चिमूट हे इवलेसे पिल्लू, तळहातावर मावणारे, आणि शेपटी जेमतेम करंगळीएवढी.

आणि नववे लांबूनराव. हा फाटक्या कानाचा बोका होता. पूर्वी कधीतरी कुणीतरी त्याला फार मारले असावे. तो कर्दळीआडून सगळे बघत बसे, बाकीची जेवून गेली की येऊन खाई, आणि ठकूने हात पुढे केला की दिसेनासा होई. दोन वर्षांत त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

थंडीत नऊ मांजरे म्हणजे नऊ गरम उश्या. सकाळी डोळे उघडावेत तर नाकासमोर एक गुलाबी नाक. ठकू पडली, रडली, तापाने फणफणली, की कुणी ना कुणी येऊन तिच्या पोटाशी घुरघुरत बसे. अशी श्रीमंती राजवाड्यात सापडत नाही. पण दूध उतू जायच्या आधीच संपे, भाकरीत केस निघे, आणि मांजराला आपल्यावर फार माया आली की ते उशाशी उंदीर आणून ठेवी. तो नाकारणे उद्धटपणाचे आणि स्वीकारणे अवघड.

त्यातून हौसाबाईचे काम हार ओवण्याचे. मोगरा, शेवंती, निशिगंध खुडून ती रोज गावच्या देवीसाठी हार करी. आता, दोरा दिसला की मांजराला आपण मांजर असल्याची आठवण होते. हौसाबाई दोऱ्याचे एक टोक धरी, दुसरे टोक हळद धरी, आणि मध्ये कुंकू झोके घेई.

बाग अक्कासाहेबांची होती. त्या पलीकडच्या चौदा खोल्यांच्या घरात एकट्या राहत. त्या घरात एवढी शांतता होती की घड्याळसुद्धा दबकून टिकटिक करी.

एका मंगळवारी पुजारीबुवांनी फुलांच्या पाटीतून मोठा हार उचलला आणि देवीच्या गळ्यात घातला. तेव्हा हाराने जांभई दिली. आत चिमूट झोपलेले होते. पुजारीबुवा जे किंचाळले ते वेशीपर्यंत ऐकू गेले.

संध्याकाळी अक्कासाहेब काठी टेकत खोपट्यापाशी आल्या.

"हौसा, मी देवीला हार पाठवते. मांजर पाठवत नाही."

"चुकलं, अक्कासाहेब. लहान आहे हो, पाटीत कधी शिरलं ते कळलंच नाही."

"तुला एक कळलं नाही, अशी नऊ आहेत! शुक्रवारी सकाळी गाडी पाठवते. गाडीतून मांजरं नदीपारच्या रानात जातील, नाहीतर तुमची भांडी जातील. काय ते ठरवा."

"रानात कोल्हे आहेत," ठकू म्हणाली.

"मग भांडी बांधा," अक्कासाहेब म्हणाल्या आणि गेल्या.

बुधवारी पहाटे ठकू मोगऱ्यापाशी एकटीच रडत बसली होती. पानापानावर दवाचे टपोरे मोती होते. एवढ्यात झुडपातून एक बारीक, चिडका आवाज आला, "रडून झालं असेल तर जरा इकडे बघशील का?"

ठकूने फांदी बाजूला केली. आत एक परी होती! अबोलीच्या रंगाचा झगा, चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, आणि ते फडफडले की त्यांतून मोरपिशी, गुलाबी, लिंबोणी रंग सांडत. केसांत दवबिंदूंची नाजूक जाळी. ती उभी असती तर ठकूच्या कमरेपर्यंत आली असती. पण ती उभी नव्हती. दोऱ्यात गुरफटून उलटी लटकत होती, आणि खाली मामलेदार बसून या प्रकरणाचा विचार करीत होते.

"हे जाळं कुणी लावलं?" परीने विचारले.

"जाळं नाही हो. काल हळद-कुंकवानं आईचा दोरा पळवला होता."

ठकूने एकेक गाठ हलक्या बोटांनी सोडवली. पंखावर एक ओरखडासुद्धा उमटला नाही. परी सरळ झाली, झगा झटकला, आणि एकदम गोड हसली.

"गुणाची आहेस. तुला तीन मागणी मिळतील. पण नियम आहेत. एका सकाळी एकच मागणं. दव सुकायच्या आत मागायचं. दव सुकलं की मी जाते. आणि मागणं उभं राहून मागायचं, हात रिकामे ठेवून."

"उभं राहून का?"

"नियम आहे म्हणून," परी म्हणाली. परीच्या राज्यातले नियमही असेच असतात. ते कुणीतरी केलेले असतात, आणि का केले ते कुणालाच आठवत नसते.

ठकू ताठ उभी राहिली. "माझी सगळी मांजरं शहाणी होऊ देत. सांगितलेलं ऐकू देत."

परीने बोट फिरवले. चांदणचुरा उडाला.

ठकू घरी आली, तो नऊ मांजरे भिंतीशी उंचीप्रमाणे रांगेत बसलेली. पाय जुळवलेले, शेपट्या गुंडाळलेल्या. हौसाबाईने दोरा काढला. कुणी हलले नाही. दुपारपर्यंत पन्नास हार झाले.

"देवी पावली गं!" हौसाबाई म्हणाली.

दुपारी दूध ओतले तर नऊ तोंडे नुसती बघत राहिली. "प्या" म्हटल्यावर प्यायली. "पुरे" म्हटल्यावर थांबली. मामलेदारांच्या पुढ्यातून एक उंदीर आरामात चालत गेला, आणि मामलेदार हुकमाची वाट पाहत राहिले. कुणी घुरघुरले नाही. चिमुटाने दिवसभरात एकही चूक केली नाही. झोपायच्या वेळी सगळी भिंतीशी ओळीने निजली, आणि घोंगडीवर प्रथमच पाय पसरायला जागा झाली.

"ठके, झोपलीस?"

"नाही. पाय गार पडलेत."

"माझेही," हौसाबाई म्हणाली. "जागा फार झाली गं."

पण ठकूची झोप गेली होती ती दुसऱ्याच कारणाने. रांगेत लांबूनरावही होता. दुपारी तिने हळूच हात पुढे केला, तर तो पळाला नाही. दोन वर्षे जे हवे होते ते मिळाले! तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताखाली ती पाठ थरथर कापत होती. भीती तेवढीच होती. फक्त पळायची परवानगी नव्हती. ठकूने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

गुरुवारी परी दिसताच ती उभी राहून म्हणाली, "त्यांना जशी होती तशी कर."

"बाळ, मग ते मागणं फुकट गेलं की!"

"जाऊ दे."

ती घरी पोचायच्या आत दुधाचे पातेले उलटले होते, ठिपकी ओरडत होती, आणि हौसाबाई डोक्यात अडकलेला दोरा सोडवीत हसत होती. लांबूनराव कर्दळीमागे होता. ठकूने आईला सगळे सांगितले. हौसाबाईने हातातला दोरा खाली ठेवला.

"उद्याचं मागणं शेवटचं ना? मग नीट माग. घर माग. अक्कासाहेबांचं मन फिरू दे म्हण. उद्या गाडी यायची आहे, ठके."

शुक्रवारी ठकू कधी नव्हे इतकी लवकर गेली आणि मोगऱ्यापाशी दगडावर बसून वाट पाहू लागली. परी आली. ठकू उठणार, इतक्यात कर्दळीची पाने हलली.

लांबूनराव बाहेर आला. थांबला. चार पावले टाकली. पुन्हा थांबला. ठकू श्वास रोखून बसली. तो दगडापाशी आला, तिचे गुडघे हुंगले, आणि आपला फाटका कान, आपली जुनी भीती, सगळे घेऊन तिच्या मांडीवर चढला. दोनदा गोल फिरला, बसला आणि झोपला.

"ऊठ, बाळ," परी म्हणाली.

"कशी उठू?"

"म्हणजे?"

"बसलाय ना तो," ठकू कुजबुजली.

"मग उतरव खाली! दव सुकत चाललंय. तुझं घर जाईल."

ठकूच्या डोळ्यांत पाणी आले. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, गाडी आली, कोल्हे आले. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तो आपणहून आलाय. आता उठवला तर तो परत कुणाच्याच जवळ जाणार नाही."

परीने कपाळाला हात लावला. मग ती ठकूची समजूत घालायला तिच्या शेजारी दगडावर बसली. हीच तिची चूक झाली. कुठूनसे चिमूट आले, अबोली झग्यावर नखे रोवीत वर चढले, परीच्या मांडीत गुंडाळून बसले आणि घुरघुरू लागले.

परीने एक बोट हलवले. चिमुटाने झोपेत ते बोट दोन्ही पंजांत धरले.

पानांवरचे मोती एकेक करून सुकू लागले. शेवटचा थेंब टोकाशी आला, लुकलुकला, आणि तिथेच थांबला.

"का गं थांबला?" ठकूने विचारले.

"मी जायला उठल्याशिवाय तो पडत नाही," परी हळू आवाजात म्हणाली, "आणि मला आता कसं जाता येईल? हे झोपलंय ना!" ती चिमुटाकडे बघत राहिली. "तीनशे वर्षं मी मागणी पुरवतेय. राजपुत्र आले, शेठ आले, हातातलं सगळं भराभर टाकून उभे राहिले. माझ्या मांडीवर मात्र कुणी बसलं नाही. उभं राहायचा नियम मीच केला होता, बाळ. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माग तू. बसूनच माग."

ठकूने विचार केला. अक्कासाहेबांचे मन फिरव म्हटले, तर त्याही पाय जुळवून रांगेत बसतील. आतून मात्र तशाच थरथरत असतील. तसले तिला काही नको होते.

"अक्कासाहेबांच्या चौदा खोल्यांत कुणीच नाही," ती म्हणाली. "त्यांना एकदा असं बसायला मिळू दे. आपल्यासारखं."

"आणि तुझं घर?"

"एकच मागणं आहे ना?"

परीने मोकळ्या हाताचे बोट हळूच फिरवले. चांदणचुरा आवाज न करता उडाला.

थोड्या वेळाने गाडी आली. गाडीवान केरबा रिकामी पोती घेऊन उतरला. मागून अक्कासाहेब. त्यांना परी दिसली नाही. मोगऱ्यापाशी ऊन जरा जास्त पडले आहे एवढेच दिसले. चालून दमल्या होत्या म्हणून त्या खोपट्याच्या दाराशी पालथ्या पाटीवर टेकल्या. "हं, धरा एकेक," म्हणाल्या, आणि मामलेदार येऊन त्यांच्या मांडीवर बसले.

"अगं बाई! हौसा, उचल याला!"

हौसाबाई धावली. पण मामलेदारांनी डोळे मिटले आणि घुरघुर सुरू केली. जात्याच्या घरघरीसारखी ती घुरघुर अक्कासाहेबांच्या गुडघ्यांतून, कमरेतून, थेट छातीपर्यंत गेली.

"राहू दे," अक्कासाहेब म्हणाल्या. "क्षणभर."

तो क्षण फार मोठा झाला. केरबाने विचारले, "अक्कासाहेब, पोती कुठं ठेवू?"

"हळू बोल, मेल्या! दिसत नाही का झोपलाय तो?"

एका जागी बसून राहिले की माणसाला काय काय दिसू लागते. अक्कासाहेबांनी मान वर केली, तर छपराला भोके. आत पाहिले, तर एक घोंगडी. हौसाबाईने चहा दिला, तो कान तुटलेल्या कपात. असा चहा त्या बऱ्याच वर्षांनी कुणाशी तरी बोलत प्यायल्या.

"हौसा, हार उद्यापासून माझ्या ओसरीवर ओव. ओसरीला दार आहे, दाराला कडी आहे. मांजरं इथंच राहू देत. केरबा, ती पोती फेक आणि छपराला गवत घेऊन ये. चांगलं जाड आण." मग त्या खाली बघत जरा अडखळल्या. "आणि हा... हा येईल का गं माझ्याकडे?"

"त्यांनाच विचारा," हौसाबाई म्हणाली. "आमचं कुठं ऐकतात ते!"

मामलेदारांनी एक डोळा उघडला. प्रकरण विचाराधीन ठेवले, आणि पुन्हा मिटला.

तिकडे मोगऱ्यापाशी लांबूनराव जागा झाला, आळोखेपिळोखे देऊन उतरला आणि ठकूच्या पायांशी बसून अंग चाटू लागला, जणू तो रोजच तिथे बसत होता. चिमूटही उठले. त्याने एवढीशी गुलाबी जांभई दिली आणि परीचे बोट सोडले.

परी उठली आणि लगेच दगड धरून उभी राहिली. "अगं आई गं! हे काय होतंय?"

"पायाला मुंग्या आल्या," ठकू म्हणाली. "होतं तसं. जरा झटक."

परीने पाय झटकला. तिच्या पंखांतून मोरपिशी, गुलाबी, लिंबोणी रंगांचे कारंजे उडाले. मोगरा, शेवंती, निशिगंध, सगळी बाग झळाळून निघाली. पानाच्या टोकावरचा शेवटचा थेंब टपकन पडला. आणि झग्यावर चिकटलेला चिमुटाचा एक काळा केस तसाच जपून ठेवून, लंगडत, हसत, परी उजेडात उजेड होऊन गेली.