ओल्यावर ओला हात

एका राज्यात वीरकेतू नावाचा राजा होता. कोठारं भरलेली, विहिरी भरलेल्या, पण प्रजेच्या पोटात कायमचा गोळा. कारण राजाला थांबणं खपत नसे. "थांबा, महाराज" म्हणणाऱ्याला राजवाड्यामागच्या कड्यावरून लोटून देत. कड्याखालचा हाडांचा ढीग इतका वाढला होता की गिधाडांनाही आता फार खाली उतरावं लागत नसे.

त्या राज्यात हैबती नावाचा कारागीर फणसाच्या लाकडाची वाद्यं घडवी, आणि त्याची बायको सगुणा त्यांना रोगण लावी. लाख मोहाच्या अर्कात विरघळवायची, मऊ कापडाची पुरचुंडी त्यात बुडवायची आणि लाकडावरून हलकेच फिरवायची. एक हात दिला की तो वाळू द्यायचा, मगच दुसरा. हात पातळ असेल तर वाद्य गातं, जाड झाला तर कुणी नरडं धरल्यासारखं बोलतं. सगुणाचा हात असा होता की तिने पुसलेल्या लाकडावर माशीसुद्धा घसरे.

एके दिवशी राजाचा हुकूम आला. "युवराजाच्या अभिषेकाला सहा तारांची, कमरेत आवळलेली वीणा हवी. आरशासारखी चमकली पाहिजे. बारा दिवसांत."

तशी चमक फक्त रानात राहणाऱ्या जखिणीच्या पळसावरच्या लाखेला. सगुणा जीव मुठीत धरून रानात गेली. पळसावर एक सुतारपक्षी राहत होता, तो माणसासारखा बोले. तो म्हणाला, "लाख ने. एकवीस हात दे, दिवसाला एकच. ओल्यावर ओला हात चढवलास, तर काम पुरं झाल्यावर वीणेला जो शिवेल तो आत जाईल."

हात एकवीस आणि दिवस बारा, हे गणित शेंबड्या पोरालाही कळलं असतं. राजाला सांगायला म्हणून सगुणा दोनदा घराबाहेर पडली, आणि कडा दिसताच दोनदा माघारी आली. मग ती दिवसाला दोन-दोन हात देऊ लागली. रोगणाचा वास जात नव्हता, म्हणजे ते आत ओलं होतं. तिला ते कळत होतं. तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

अभिषेकाच्या दिवशी, बोटांचे ठसे नकोत म्हणून वीणा कापडाने धरून गवसणीत घातली आणि दरबारात नेली. तारा चढवायच्या त्या राजासमोर, असा तिथला रिवाज. गवसणी उतरली आणि दरबाराचे डोळे दिपले. हैबतीने चढवायला तारा पिशवीतून काढल्या, एवढ्यात आठ वर्षांच्या युवराजाने कौतुकाने वीणेला बोट लावलं. बोट आत गेलं, मनगट गेलं, मूल गेलं. "सोडू नका, बाळराजे!" म्हणत हैबतीने त्याचा पाय धरला, आणि तोही गेला. चमकत्या रोगणाखाली अंगठ्याएवढी दोन माणसं दिसू लागली. तोंडं उघडी होती, आवाज नव्हता.

राजा गरजला, "हे चेटूक हैबतीचं!" दरबाराने माना डोलावल्या. सगुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिला स्वतःची किळस आली, तरी फुटला नाही.

ती धावत पळसाखाली आली. सुतारपक्षी म्हणाला, "ती दोघं रोज थोडी खोल जातील. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना लाकडाला टेकतील, आणि लाकडातली रेघ होऊन राहतील. तीन गोष्टी कर. जखिणीच्या भट्टीतून पहिल्या धारेचा अर्क आण. जखिणीच्या पदराचं कापड आण. आणि ओल्यावर ओला हात कुणी चढवला, ते राजाला सांग."

"तिसरं नको. दुसरं काही सांग."

"दुसरं काही नाही."

पहिल्या दिवशी ती जखिणीच्या गुहेत शिरली. जखीण डोळे मिटून भट्टीपाशी बसली होती. तिला दिसत नसे, पण साधा श्वासही ऐकू येई. सगुणाने श्वास कोंडला आणि तांब्या धारेखाली धरला. तांब्या भरेपर्यंत तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. जखिणीने मान वळवली, नाक उडवलं, आणि पुन्हा भट्टीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जखीण पदर पसरून झोपली होती. सगुणाने हैबतीच्या सुरीने पदराचं टोक कापलं. जखीण झोपेतच बोलली, "कापडाचं काय करणार?"

"पुसणार."

"काय पुसणार?"

सगुणाने कापड मुठीत दाबलं. जखीण हसली. "ने. पुसलं जातं का बघ."

तिसऱ्या दिवशी सगुणा दरबारात आली. रोगणाखालची माणसं आता केसाएवढी दिसत होती. तिने मनाशी म्हटलं, दोन गोष्टींवर भागेल. अर्कात कापड भिजवून ती वीणा पुसू लागली. रोगण सुटलं तर नाहीच, त्याने कापड गिळलं, मग तिची बोटं गिळली. आत बर्फासारखं गार होतं. त्या गारठ्यात कुणीतरी तिचं बोट घट्ट धरलं. हैबतीच्या अंगठ्यावरचा पटाशीचा घट्टा तिने ओळखला, आणि तिला रडू कोसळलं.

खिडकीतून सूर्य बुडताना दिसत होता. त्याच खिडकीतून कडाही दिसत होता.

"काय झालं?" राजाने विचारलं.

"महाराज, दोष माझा. एकवीस दिवसांचं काम मी बारा दिवसांत केलं. ओल्यावर ओला हात चढवला. तुम्हाला 'थांबा' म्हणायची भीती वाटली."

कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकवीस थर एकापाठोपाठ सुटले. युवराज शिंकत बाहेर पडला, मागून हैबती. राजाने पोराला उराशी धरलं, पण दुसरा हात तलवारीवर गेला होता.

"एका रोगणवालीला माझी एवढी भीती?" त्याने दरबाराला विचारलं.

कुणी वर पाहिलं नाही. प्रधान नाही, सेनापती नाही. युवराजानेही बापाच्या छातीत तोंड लपवलं. राजा बराच वेळ त्या लहानशा मानेकडे बघत राहिला. मग त्याने तलवार कमरेची सोडून खाली ठेवली आणि कड्याच्या वाटेवर भिंत घालायला सांगितलं.

"ही वीणा पुन्हा करशील?" त्याने सगुणाला विचारलं. "किती दिवस लागतील?"

"एकवीस."

दुसऱ्या दिवसापासून राजा रोज हैबतीच्या दारात येऊ लागला. दहाव्या दिवशी त्याने विचारलं, "वाळलं?"

सगुणा आधी दोन पावलं मागे सरली. सवय कुठे एवढ्यात जाते! तरी ती म्हणाली, "नाही, महाराज. थांबा."

राजा उंबऱ्यावर बसला आणि थांबला. हैबतीने त्याला पाणी दिलं. त्या राजाला जशी बुद्धी झाली, तशी सगळ्या राजांना होवो.