अक्षता निवडणाऱ्या द्वारकेची कहाणी

ऐक गे ज्योतीबाई, तुझी कहाणी. आटपाट म्हणावं असं एक नगर होतं. तिथं द्वारका नावाची बाई राहत होती. कुणाचंही लग्न निघो, अक्षता द्वारकेनंच निवडायच्या. तिच्या सुपात तुटका दाणा म्हणून राहत नसे. त्याचा तिला भारी तोरा.

पुढं तिच्या रक्तात साखर निघाली. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "बाई, आजपासून एक वसा घ्या. वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून आतला पडदा तपासून घ्या. स्वच्छ दिसत असलं तरी घ्या."

"त्यानं काय होतं?"

"आहे ते राहतं."

द्वारकेनं मान डोलावली, घरी आली.

पहिलं वर्ष आलं. सून म्हणाली, "सासूबाई, सासूबाई, डोळे दाखवायला चला." द्वारका म्हणाली, "मला तांदळातली कणी दिसते. मला काय धाड भरलीय?"

दुसरं वर्ष आलं. सून म्हणाली, "सासूबाई, चला." द्वारका म्हणाली, "थेंबांनी दिवसभर धूसर दिसतं म्हणे. मग अक्षता कोण निवडील, तू?"

तिसरं वर्ष आलं. सून नुसती दारात उभी राहिली. द्वारकेनं तोंड फिरवलं.

मग नातीचं लग्न निघालं. द्वारकेनं अक्षता निवडल्या. त्यात कण्या राहिल्या, खडे राहिले. बायकांनी पाहिलं, एकमेकींना खुणावलं, तिला कुणी बोललं नाही. सुनेनं गुपचूप पुन्हा निवडल्या.

मग एके सकाळी डोळ्यापुढं काळा धागा आला. द्वारकेनं पदरानं पुसला. पुसला जाईना. मग दुसरा आला, तिसरा आला, मग सगळंच काळवंडलं. डॉक्टरीणबाईकडं नेली. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, लेझर झालं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "उजेड-अंधार तेवढा राखला. गेलं ते परत येत नाही." नातीला मुलगा झाला. द्वारकेनं त्याचं तोंड बोटांनी पाहिलं.

बायांनो, ती द्वारका मीच. पोथी हातात आहे ती रीत म्हणून, म्हणतेय ते पाठ. उलटी धरली असेल, तर तुम्ही आत्ताही बघताय आणि गप्प आहात. आग लागो तुमच्या मायेला! मघाशी चौघींनी प्रसादाचा पेढा नको म्हटला, ते मी ऐकलं. त्या चौघींनी उद्याच उठून डोळे दाखवावे.

द्वारकेला मिळालं ते फळ वैरिणीलाही न मिळो. तिनं टाकलेला वसा तुम्ही उचला. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपूर्ण मी केली. सुफळ तुम्ही करा.