गव्हाणीतल्या तीन काड्या

समुद्राकाठी, नारळीपोफळीच्या हिरव्यागार सावलीत, एक गाव होतं. तिथल्या अगदी शेवटच्या वाडीत झावळ्यांनी शाकारलेलं एक चिमुकलं घर होतं. त्या घरात रोज जेवायला तीन ताटल्या मांडल्या जायच्या आणि जेवणारी माणसं मात्र दोनच होती.

एक होती फिलू. पुरतं नाव फिलोमिना, पण आठ वर्षांच्या मुलीला एवढं लांब नाव घेऊन कोण हाका मारणार? दुसरी तिची आई, इझाबेल. ती दिवसभर दुसऱ्यांच्या वाड्यांत फुलं खुडायची. तिसरी ताटली बाबांची. बाबा गलबतावर खलाशी होते. आंब्याला मोहर आला तेव्हा ते गेले. पाऊस येऊन गेला, भात कापून झालं, गावातली इतर सगळी गलबतं परत आली, पण बाबांचं गलबत काही आलं नाही. घरात कधी भात असायचा, कधी नुसती पेज. तरी ती तिसरी ताटली आई रोज घासायची, रोज मांडायची आणि रोज रिकामीच उचलून ठेवायची.

फिलूला बाबांची फार आठवण यायची. इतकी, की कधी कधी पोटात दुखायचं.

नाताळ जवळ आला तसा घरोघरी गोठा सजू लागला. फिलूच्या घरीही आईने पेंढ्याचा इवलासा गोठा केला. त्यात बाबांनीच केलेल्या मातीच्या मूर्ती मांडल्या. निळ्या पदराची मरिया, काठीवाला योसेफ, गोबरी गाय आणि एका कानाचं गाढव. दुसरा कान फिलूने लहानपणी चावला होता, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. मधोमध बाळ येशूसाठी लाकडी गव्हाण ठेवली. आणि फिलूने काय करावं? अंगठ्याएवढं मातीचं बाळ उचललं आणि पहिल्याच दिवशी गव्हाणीत नेऊन निजवलं!

"अगं वेडे, हे काय?" आई हसली. "नाताळाला अजून कितीतरी दिवस आहेत. बाळ आलंच नाही, आणि तू निजवतेस कुणाला?"

"पण मला धीर धरवत नाही गं."

"गव्हाण रिकामी ठेवायची असते, बाय. जागा रिकामी दिसली नाही तर येणारा येईल कुठे?" असं म्हणून आईने बाळाला स्वच्छ रुमालात गुंडाळलं आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिलं. मग ती कितीतरी वेळ त्या तिसऱ्या ताटलीकडे बघत बसली.

चर्चमधल्या फादरांनी सगळ्या मुलांना एक काम सांगितलं होतं. एक चांगलं काम केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी ठेवायची, म्हणजे नाताळपर्यंत बाळासाठी मऊमऊ गादी तयार होते. मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ती काडी मोडली!

शेजारच्या मुलांच्या गव्हाणी पेंढ्याने फुगून वर आल्या. फिलूच्या गव्हाणीत नाताळच्या दोन दिवस आधीपर्यंत मोजून चार काड्या होत्या. तिला चांगली कामं करायला वेळच मिळायचा नाही. तिला बकरी चारायची असायची, अंगण झाडायचं असायचं, आणि शिवाय खडकावरच्या कतरीन मावशीला रोज दोन कळशा पाणी नेऊन द्यायचं असायचं. मावशी म्हातारी, एकटी, डोळ्यांनी अधू. तिला पाणी कोण देणार? पण ते चांगल्या कामात धरतात हे आमच्या फिलूच्या डोक्यातच आलं नाही.

त्या सकाळी ती वाडीतल्या पेंढ्याच्या उडवीपाशी गेली आणि म्हणाली, "चार काड्यांवर बाळाला टोचेल. काय करू गं बाई मी?"

तेवढ्यात उडवीतून काहीतरी चमचमलं. आधी वाटलं दवाचा थेंब आहे. मग त्या थेंबाला दोन सोनेरी पंख फुटले, पिवळा झुळझुळीत झगा आला आणि अबोलीच्या पाकळीएवढा नारिंगी चेहरा आला. बोटभर उंचीची एक परी पेंढ्याच्या टोकावर बसून पाय हलवत होती!

"तू... तू देवदूत आहेस?" फिलूने विचारलं.

"छे गं! देवदूत केवढे मोठे! त्यांचे पंख या वाडीत मावायचे नाहीत. मी पेंढ्यातली परी. बाळ येशू ज्या पेंढ्यावर निजला, त्यात आमची पणजी राहत होती. त्याला शिंक आली ती तिच्याच पंखांमुळे, असं घरात अजून सांगतात." परी खुदकन हसली. मग तिने फिलूच्या ओंजळीत तीन झळझळीत सोनकाड्या ठेवल्या. "या तुला. काडी गव्हाणीत ठेवायची आणि मनातलं मागायचं. एका काडीला एक मागणं."

"माझे बाबा!" फिलू ओरडलीच. "माझ्या बाबांना आण!"

परीचे पंख जरा मिटले. "आधी नियम ऐक, सोनुले. मला नवं काही करता येत नाही. तुझ्याकडचं उचलायचं आणि दुसरीकडे न्यायचं, एवढंच मला येतं. तेही गावाच्या वेशीपर्यंत. समुद्र फार मोठा आहे गं, आणि माझी उडी काडीएवढी. दुसरा नियम, कुणाला सांगायचं नाही. आणि तिसरा, नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली की उरलेली सोनकाडी साधी काडी होईल."

"मग काय उपयोग?" फिलूचे डोळे भरून आले. परीने पंखाने तिचा गाल पुसला.

त्या दिवशी संध्याकाळी बोचरा वारा सुटला. बकरीला घेऊन येताना फिलूला पेद्रूकाकाच्या गुरांच्या गोठ्यातून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, नव्या नव्या बाळाचं रडणं. मिठागरावर कामाला आलेलं एक जोडपं तिथे उतरलं होतं. गावात त्यांना दुसरीकडे कुठे जागाच मिळाली नव्हती. तीन दिवसांचं बाळ आईच्या फाटक्या पदरात कुडकुडत होतं.

फिलू धावत घरी आली. तिच्या अंथरुणावर एकच गोधडी होती, बाबांच्या जुन्या सदऱ्यांची. निळे, पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे तुकडे. त्या गोधडीत तोंड खुपसलं की बाबांचा वास यायचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि बिडीचा. आई बिडीला नावं ठेवायची, पण गोधडी धुवायला फिलूने कधी दिली नव्हती.

तिने गोधडीचा एकदा खोल वास घेतला. मग पहिली सोनकाडी गव्हाणीत ठेवली आणि डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा अंथरूण रिकामं होतं, आणि लांब पेद्रूकाकाच्या गोठ्यातलं रडणं थांबलं होतं.

"फिलू, गोधडी कुठे गेली?" आईने निजताना विचारलं. फिलूने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे काही न विचारता आपल्या लुगड्याचा अर्धा भाग तिच्यावर पांघरला. पण त्या लुगड्याला बाबांचा वास नव्हता, आणि फिलू गुपचूप रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कळशी घेऊन खडकावर गेली. कतरीन मावशीची झोपडी अगदी टोकाला होती. पुढे समुद्र, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि दाराशी एक जुना दगडी क्रूस.

"बाय, औंदा गावात चांदण्या लागल्या असतील ना?" मावशीने विचारलं. "तांबड्या, पिवळ्या, हिरव्या... मला आता माणसाचं तोंड दिसत नाही, पण उजेड तेवढा कळतो. माझी पोरं होती तोवर क्रूसावर चांदणी लावायची. आता या खडकावर कोण चढतंय?" असं म्हणून तिने फिलूच्या हातावर गूळ ठेवला.

फिलू खडक उतरली ती पाय ओढत. कारण तिच्या घरी एक चांदणी होती. गेल्या वर्षी बाबांनी कामट्या वाकवून, पतंगाचा कागद चिकटवून ती केली होती. चार टोकं लाल आणि पाचवं हिरवं, कारण लाल कागद संपला. शिवाय ते हिरवं टोक वाकडं. आई म्हणालेली, "ही कसली चांदणी, ही तर लंगडी कोंबडी!" आणि तिघंही पोट धरून हसली होती. आता ती दारावर टांगली होती. फिलूने स्वतः टांगली होती, बाबांना दुरून घर ओळखू यावं म्हणून. ती काढली तर बाबा कसे येणार?

ती दाराशी उभी राहून चांदणीकडे बघत राहिली. वाडीतली नारळाची झाडं उंच, केळी दाट. चांदणी दारातून दिसत होती, अंगणातून दिसत होती, वाडीबाहेरून नाही. खडकावरच्या अंधारात बसलेली मावशी मात्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

"परी," ती कुजबुजली, "आमची चांदणी मावशीला ने. अगदी उंच लाव हं. आणि वाऱ्याने विझू देऊ नकोस." आणि तिने दुसरी सोनकाडी गव्हाणीत ठेवली.

सळ्ळकन आवाज झाला. दारावरची चांदणी पाखरासारखी उडाली, केळीवरून, नारळीवरून, थेट खडकावरच्या क्रूसाकडे. गव्हाणीतली सोनकाडी तिच्या आत जाऊन वातीसारखी पेटली. क्षणात लाल लाल उजेड पसरला आणि एक वाकडं हिरवं टोक चमचमू लागलं.

तिन्हीसांज झाली. चर्चची घंटा वाजायला आता थोडाच वेळ होता. फिलू रिकाम्या गव्हाणीपुढे गुडघे टेकून बसली. हातात शेवटची सोनकाडी होती. परी गाढवाच्या एकुलत्या एका कानावर येऊन बसली.

"माग, फिलू."

"काय मागू? तू म्हणालीस, माझ्याकडचंच नेतेस. माझ्याकडे आता काहीच नाही. गोधडी गेली, चांदणी गेली." तिने हातातली काडी बोटांत फिरवली. "बाबांची वाट बघणं तेवढं उरलंय."

"मग तेच दे."

"ते कुठे नेशील?"

परीने गव्हाणीकडे बोट दाखवलं. "इथेच ठेवते. ही गव्हाण कशासाठी रिकामी असते, सांग बरं? सगळं जग असंच वाट बघत होतं, म्हणून तो आला. भरलेल्या घरांत त्याला जागा मिळाली नाही. जिथे जागा होती, तिथे तो निजला."

फिलूने तिसरी सोनकाडी अलगद ठेवली. "बाळ येशू, ही माझी वाट बघायची काडी. टोचली तर रागवू नकोस."

घंटा वाजली. ढण्, ढण्, ढण्! परी उठून उभी राहिली. तिचे पंख आधी सोनेरी झाले, मग केशरी, मग पांढरेशुभ्र. "तुझ्या कळशांच्या काड्या मोजायच्या राहिल्याच की गं," असं म्हणत तिने फिलूच्या कपाळाची पापी घेतली. घरभर लख्ख उजेड झाला, मरियेचा निळा पदर उजळला, गाईचे डोळे चमकले. आणि उजेड ओसरला तेव्हा परी नव्हती. गव्हाण मात्र मऊ पिवळ्या पेंढ्याने काठोकाठ भरली होती, रोजच्या दोन कळशांच्या काड्यांनी.

पण बाबा आले नाहीत. रात्री तिसरी ताटली पुन्हा रिकामीच उचलली गेली.

पहाटे आईने फिलूला चर्चमधल्या नाताळच्या प्रार्थनेला, मिस्सेसाठी उठवलं. बाहेर दाट धुकं होतं. आईने रुमालात गुंडाळलेलं बाळ काढलं. दर वर्षी बाबा ते गव्हाणीत ठेवायचे. "औंदा तूच ठेव, बाय," आई म्हणाली.

फिलूने बाळ हातात घेतलं आणि अंगणात पावलं वाजली. दार ढकललं गेलं. दाढी वाढलेला, वाळून काडी झालेला, मिठाने पांढरा पडलेला एक माणूस उंबऱ्यात उभा होता.

"तुफानात डोलकाठी मोडली," तो घोगऱ्या आवाजात सांगू लागला. "महिनोन् महिने परक्या बंदरात अडकलो. निघालो, तर काल या धुक्याने गाठलं. किनारा कुठे, खडक कुठे, काही कळेना. आणि मग क्रूसावर चांदणी दिसली, इझाबेल. चार टोकं लाल आणि एक हिरवं, वाकडं! ती लंगडी कोंबडी जगात दुसऱ्या कुणाची असणार? तिच्याकडे तोंड करून रात्रभर गलबत हाकलं."

आईने जाऊन तिसरी ताटली मांडली आणि मग ती रडू लागली.

"आणि येताना पेद्रूच्या गोठ्यात एक बाळ पाहिलं," बाबा हळूच म्हणाले. "माझ्या सदऱ्यांत गाढ झोपलं होतं." त्यांनी फिलूकडे पाहिलं. फिलूने पटकन ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी लहानपणी याच गावात काड्या ठेवल्या होत्या, म्हणून त्यांनी काही विचारलं नाही.

ते खाली बसले, फिलूला मांडीवर घेतलं आणि तिच्या हाताला धरून दोघांनी मिळून बाळाला गव्हाणीत निजवलं. फिलूने बाबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. खाऱ्या वाऱ्याचा वास होता, आणि बिडीचाही.

"किती उशीर केलास!" ती म्हणाली. ते बाबांना होतं की बाळ येशूला, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही.