भांडणाची वाट

ही गोष्ट मी सांगायची नव्हती, कारण तिच्यात मोठी माणसं लहान मुलांसारखी भांडतात. तरी सांगते.

फार फार पूर्वी, शेती कोणाला ठाऊक नव्हती तेव्हा, डोंगरात एक टोळी राहायची. राहायची म्हणजे खरं तर फिरायची. कंद संपले, शिकार दुरावली, की पानांच्या खोपी तिथंच टाकून सगळे पुढं निघत. त्यांचा एक रिवाज होता. दोघांचं भांडण झालं आणि ते मिटेना, की म्हातारा मुखिया म्हणे, "चला, तळ हलवा." मग चढावर ओझं सावरायला, ओढा ओलांडायला एकमेकांचा हात धरावाच लागे. नवा तळ येईपर्यंत भांडण वाटेत कुठंतरी गळून गेलेलं असे.

एकदा ही टोळी नदीच्या वळणावर आली. डोहात मासे, काठावर कंद, मागं मोहाची झाडं. टोळीत करवी नावाची एक बाई होती. दरडीवरून पडल्यानं तिच्या आईचा पाय कायमचा अधू झाला होता आणि वर्षभर करवी तिला पाठीवर घेऊन चालत होती.

"इथंच राहू या का?" करवीनं विचारलं.

सगळ्यांनाच ते पटलं. मातीच्या भिंती उभ्या राहिल्या. सगळी दारं मधल्या एका मोठ्या चुलीकडे ठेवली. सुकवलेले मासे साठवायला घरोघरी टोपल्या विणल्या. करवीची आई दारात बसून मुलांना दोर वळायला शिकवू लागली.

पुढच्या उन्हाळ्यात करवीचं तिच्या थोरल्या जावेशी वाजलं. करवीच्या टोपलीतले मासे कमी झाले होते. पूर्वी असलं भांडण झालंच नसतं, कारण उद्यासाठी कोणी काही ठेवतच नसे.

"जाऊबाई, पोरांना घरी पोटभर घालत जा."

"घालते हो. टोपली मोठी विणलीस, तसं मनही जरा मोठं विणायचं होतंस."

करवीनं आपलं दार मातीनं लिंपून टाकलं आणि मागच्या भिंतीत नवं दार पाडलं. दुसऱ्या दिवशी जावेनं तेच केलं. मग कोणी हिच्या बाजूनं, कोणी तिच्या. महिनाभरात सगळ्या घरांनी एकमेकांकडे पाठ केली. मधली चूल थंड पडली. शेजारी आवाज जाऊ नये म्हणून लोक हळू चावून जेवू लागले.

शेवटी मुखिया म्हणाला, "भांडण मिटत नाही. पौर्णिमेला तळ हलवू."

कोणी हरकत घेतली नाही. करवीनं मात्र आईकडे पाहिलं. आता आई आणखी थकली होती, आणि करवीची पाठही पूर्वीची राहिली नव्हती.

आई दोर वळता वळता म्हणाली, "मी राहीन इथंच. पाणी आहे, मासे आहेत."

मासे पकडून कोण देणार, हे दोघींनाही माहीत होतं.

सकाळी उठून तिनं लिंपलेलं दार फोडलं. त्यातून बाहेर पडून, वळसा घालून ती जावेच्या मागच्या दारी गेली.

"आता काय मोजायला आलीस?" जाऊ म्हणाली.

"खिंडीपलीकडच्या जुन्या तळावर जाऊन येऊ. आपण दोघीच. भांडण आपलं आहे, सगळ्यांनी कशाला चालायचं?"

"तुझ्याबरोबर? त्यापेक्षा अस्वलाबरोबर जाईन."

"अस्वल पाणी नाही घेत बरोबर. मी भोपळाभर घेतलंय."

जावेनं घराच्या कोपऱ्यावर येऊन करवीच्या फोडलेल्या दारात बसलेल्या म्हातारीकडे एकदा पाहिलं आणि काठी उचलली.

खिंडीपर्यंत दोघी वाटेच्या दोन कडांनी चालल्या. उतारावर जावेचा पाय घसरला तेव्हा करवीनं हात दिला. जुन्या तळावर खोपी कुजून गेल्या होत्या, चुलीचे तीन दगड तेवढे उरले होते. जाऊ त्यातल्या एकावर बसली.

"मी बाळंतीण होते, तेव्हा इथं तू मला हरणाचं काळीज दिलं होतंस."

"दिलं कुठं? तुम्ही मागून घेतलंत."

जावेला हसू आलं. पाणी पिऊन झाल्यावर ती हळूच म्हणाली, "पोरांनी दोनच मासे खाल्ले होते. बाकीचे मीच."

"माहीत होतं. पोरांना काटे इतके नीट काढता येत नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते, तर चिडता आलं नसतं."

परत आल्याबरोबर जावेनंही आपलं जुनं दार फोडलं. ते पाहून तिसऱ्या घरानं फोडलं, मग चौथ्या. मधल्या चुलीवर पुन्हा कंद भाजले गेले. मुखिया दोघींकडे पाहून म्हणाला, "तळ राहू दे."

तेव्हापासून वस्तीत कोणाचंही भांडण झालं, की त्या दोघांनी पाण्याचा एकच भोपळा घेऊन जुन्या तळावर जाऊन यायचं, असं ठरलं. त्या वाटेवर पुन्हा कधी गवत उगवलं नाही. आणि करवीची आई पुढं कितीतरी वर्षं दारात बसून भांडणाऱ्यांना सांगायची, "निघा आता. भोपळा भरून घ्या."

तात्पर्य: एका जागी राहायचं असेल, तर रुसव्याला एका जागी बसू देऊ नये. आणि आधी कोणी उठायचं, याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच उठावं... थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई, आले!