न सापडलेली नाडी

"पण रक्ताची नळी तर मऊ असते ना रे? मग ती दगड कशी होते?"

मठाच्या ओसरीवर गुरुलिंग अप्पा भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय उशीवर. अंगठ्याला पट्टी, शेजारची बोटं काळवंडलेली.

समोर खुर्चीवर डॉक्टर मल्लिनाथ बिराजदार. वडील वारल्यावर अप्पांनी त्याला मठात आणलं, वाढवलं, शिकवलं. पुढे तो हैदराबादला गेला. रक्तवाहिन्यांचा नामांकित सर्जन झाला. येणं कमी झालं... मग थांबलंच.

आज आला, तोही गौराबाईंनी परस्पर फोन केला म्हणून. मठातला स्वयंपाक त्या करत. "इथले डॉक्टर पाय कापायचं म्हणतायत," एवढंच त्यांना बोलता आलं होतं.

"अप्पा, ते समजून काय करायचंय? गाडी उभी आहे. चला."

"चलू की. आधी सांग."

मल्लिनाथनं घड्याळाकडे पाहिलं. मग सांगू लागला, सभेत सांगतात तसं.

"रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नळीच्या भिंतीला आतून इजा होत राहते. भिंतीत मऊ स्नायू असतो. त्याच्या पेशी हळूहळू आपलं काम सोडतात. हाडातल्या पेशींसारख्या वागायला लागतात. कॅल्शियम धरून ठेवतात. थरावर थर."

"मांसाचं हाड होतं म्हण की."

"जवळजवळ. साध्या एक्स-रेतसुद्धा नळी पांढरी दिसते."

"कोण सांगतं तिला हाड व्हायला?"

"कुणी नाही. सोसता सोसता होते."

अप्पांनी उशीवरच्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"दुखतं तिला?"

"नाही. म्हणून तर उशिरा कळतं. आणि पट्टी आवळून पायातला दाब मोजला तर आकडा भक्कम येतो. नळी दबतच नाही ना. बघणाऱ्याला वाटतं, काय जोर आहे रक्ताला!"

"आणि आत?"

"आत... पाऊल उपाशी असतं."

अप्पांनी मान हलवली. त्याच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यानं मल्लिनाथ अस्वस्थ झाला. आवाज चढला.

"मला का नाही बोलावलंत? अंगठा काळा पडेपर्यंत थांबलात! असे दगड आतल्या आत फोडायचं यंत्र आहे माझ्याकडे. कुठून कुठून माणसं येतात, अप्पा. आणि तुम्ही..."

"बोलावलं असतं तर डॉक्टर आला असता."

"मग कोण यायला हवं होतं?"

अप्पा फाटकाकडे बघत राहिले.

दारातून गौराबाई हलकेच म्हणाल्या, "श्रावणात हुग्गी केली की एक वाटी झाकून ठेवायला लावतात."

हुग्गी म्हणजे गव्हाची, गुळातली खीर. मल्लिनाथ उसळलाच.

"हुग्गी? एवढी साखर असताना? तरी म्हटलं..."

"ते तोंडाला लावत नाहीत, डॉक्टरसाहेब. वाटी तुमच्या नावची असते. दिवस मावळला की गाईला घालते."



 मल्लिनाथ खुर्चीवरून उठला आणि खाली, फरशीवर बसला. आल्या आल्या त्यानं उभ्यानंच हात जोडले होते.

पाय दोन्ही हातांत घेतला. गार होता. पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवून त्यानं नाडी शोधली. नाही. घोट्यामागे शोधली. पुन्हा वर. डोळे मिटून, श्वास धरून शोधली...

"काळी पडलेली बोटं वाचणार नाहीत, अप्पा," तो म्हणाला. आवाज आता सभेतला नव्हता. "पाय राखायचा प्रयत्न करतो. शब्द नाही देत."

"नेशील तिथं येतो. शब्द कशाला हवाय?"

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. या पायाला त्या पायाची सवय झालीय."

गौराबाईंना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मल्लिनाथला हसता आलं नाही. त्याचा अंगठा पावलावरून फिरत होता.

"अप्पा, मी हात लावलाय, ते कळतंय का?"

"नाही रे. कधीचं काही कळत नाही तिथं."

"काहीच?"

"काहीच नाही." अप्पा जरा पुढे वाकले. "पण दिसतंय."

मल्लिनाथची मान खाली गेली. खांदे हलले. 

मग नाक पुसलं, गौराबाईंना पिशवी भरायला सांगितलं आणि उठण्यासाठी पायावरचे हात काढू लागला.

अप्पांनी वाकून आपला तळहात त्याच्या बोटांवर ठेवला.

"नाडी नाही सापडली म्हणून हात काढू नकोस."