दोन हाकांची धार

ही समोर जाते ती दोन हाकांची धार. पाव कोसाची असेल, पण मधल्या काळ्या दगडापाशी इतकी अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला खाली बसावं लागतं. डावीकडे कोकण, उजवीकडे देश, आणि पाय घसरला तर दोन्हीकडे सारखंच. चाळीस वर्षं मी ही वाट दाखवतोय. तुमच्याबरोबर हा बिस्किट नसता, तर गोष्ट दगडापाशी बसून सांगितली असती. कुत्रं बरोबर असलं की मात्र आधीच सांगावी लागते.

या टोकाला पूर्वी धनगरांची वस्ती होती. तिथं म्हाकू झोरे नावाचा धनगर राहायचा, असं सांगतात. बायको लवकर गेलेली. घरात तो, त्याची लेक ठकू आणि काजळी नावाची कुत्री. काजळीला ठकूनं आपल्या ताटातला घास भरवून वाढवलेलं. गळ्यात घुंगरू बांधलेलं, त्यामुळे धुक्यातही ती कुठं आहे ते कळायचं.

ठकूचं लग्न धारेपलीकडच्या वस्तीत ठरलं. काजळीला बरोबर न्यावं असं तिच्या मनात होतं, पण राखण गेली की बापाच्या वासरांना बिबट्याचं भय, म्हणून तिनं मागितली नाही. बापालाही द्यायची होती, पण सासरचे काय म्हणतील म्हणून तो बोलला नाही. बापलेक एकमेकांचा विचार करतात आणि तोंड उघडत नाहीत, हे आमच्याकडे अजून तसंच आहे.

वैशाख संपत आला होता. वऱ्हाड निघालं तेव्हा कोकणातून धुकं चढत होतं. ठकू पलीकडे पोचली आणि इकडे काजळीनं दावं तोडलं. घुंगरू धारेवरून वाजत चाललेलं म्हाकूनं ऐकलं आणि हाक मारली. काजळी थांबली, वळली. पण पलीकडे ठकूनंही घुंगरू ओळखलं होतं. शेवटचं एकदा जवळ घ्यावं म्हणून तिनंही हाक मारली. मग परत बापाची हाक. परत लेकीची. काजळीनं आजवर दोघांपैकी कुणाचाच शब्द मोडला नव्हता. काळ्या दगडापाशी घुंगरू दोन-तीनदा इकडून तिकडे वाजलं म्हणे, आणि थांबलं.

म्हाकूला वाटलं, लेकीकडे गेली. ठकूला वाटलं, बापाकडे परतली. दोघांनाही बरं वाटलं. मला या गोष्टीत सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच.

मग पाऊस लागला. पावसाळ्यात या धारेवरून निरोपसुद्धा जात नाही. चार महिने म्हाकू एकटा जेवायला बसला की शेजाऱ्यांना सांगायचा, पोरीला काजळीची सोबत आहे, मला घोर नाही. पलीकडे ठकू चूल पेटवताना सासूला सांगायची, बा एकटा नाही.

दिवाळीला तो तिला आणायला निघाला, आणि तिलाही धीर निघेना म्हणून ती तिकडून निघाली. दगडापाशी भेट झाली. काजळीसाठी ठकूनं पदरात भाकरी बांधून आणली होती, त्यानंही घोंगडीत तशीच आणली होती. दोघांनी आधी एकमेकांच्या मागे बघितलं.

“बा, काजळी आणली नाय?” ठकूनं विचारलं.

म्हाकूनं खाली दरीत बघितलं. “तुझ्यापाशी हाय म्हणून तर मी जेवत होतो, बाय,” तो म्हणाला.

दोन्ही भाकऱ्या दगडावर ठेवून दोघं दिवस कलेपर्यंत तिथंच बसली म्हणे.

आजही या धारेवर हाक मारायची ती एकानंच. निघण्याआधी ठरवायचं, आणि बाकीच्यांनी काळजात काहीही होवो, गप्प राहायचं. लेक सासरी जाते तेव्हा ती हाक लेकीची असते. बाप ओ देत नाही. माझी धाकटी याच वाटेनं गेली. दगडापाशी वळून तिनं एकदा ‘आबा’ म्हणून हाक मारली. मी पटक्याचं टोक दातात धरून इथंच उभा होतो.

तर आता सांगा, बिस्किटला हाक कोण मारणार? ताई, तुम्ही? मग साहेब, पलीकडे पोचेपर्यंत तुम्ही गप्प. राग मानू नका. त्याला एकच हाक ऐकू द्या.